आडवी चादर

घरोघरी जाऊन जखमा बांधायचं माझं काम, त्यामुळे मी सहसा कशाला बिचकत नाही. तरी हे ऐका.

त्या घरी मी रोज दुपारी जायचे. काका अर्धांगवायूने पडून होते. पाठीला बेडसोर, मूठ मावेल एवढा. डॉक्टरांनी बजावलं होतं, सारखी कूस बदला, जमत नसेल तर त्यांना संस्थेत ठेवा. संस्थेचं नाव काढलं की काकांचे डोळे भरून यायचे. घरात करणारं माणूस एकच, काकू, आणि त्याही अगदी काडी.

"एक दिवस तुमचीच कंबर मोडेल," मी फटकन म्हटलं. "एवढा देह एकट्या कशा हलवता?"

"एकटी कुठे? पलीकडून आई धरतात की."

आई म्हणजे काकूंच्या सासूबाई. त्यांचा हार घातलेला फोटो भिंतीवर होता. जागरणांनी बाईचं डोकं फिरलंय, असं मी मनात म्हटलं. पण जखम भरत होती. हॉस्पिटलातही अशी भरताना मी पाहिली नव्हती. आणि काकूंचे गालही वर यायला लागले होते.

एकदा काकू औषधं आणायला गेल्या आणि काकांचं अंथरूण ओलं झालं. म्हटलं, बघू जमतंय का. पेशंटला उचलायला पाठीखाली आडवी चादर घालतो ना, तिचं टोक धरलं आणि सवयीने म्हणाले, "एक... दोन..."

तीन म्हणायच्या आत पलीकडचं टोक उचललं गेलं. अगदी अलगद. कापडाला दोन मुठींच्या चुण्या पडल्या होत्या... मुठी दिसत नव्हत्या. कपड्याच्या साबणाचा वास आला. काका तिकडे बघून अर्ध्या तोंडाने हसले, लहान पोरासारखे.

खरं तर मी पळायला हवं होतं. पण हात जोडावेसे वाटले. एवढी माया मी जिवंत माणसांतही पाहिली नाही.

जखम पूर्ण भरली. शेवटच्या दिवशी काकू दारापर्यंत आल्या.

"आई विचारत होत्या... तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच. दोघंही ठणठणीत."

"मीही तेच सांगितलं. तर म्हणाल्या, या पोरीने माझ्या लेकाचं केलं... तिला एकटीला झेपायचं नाही."

मी हसून निघाले. घरी आले. नवरा अजून कामावरून यायचा होता. पलंगावर, त्याच्या बाजूला, एक आडवी चादर घातलेली होती, एकही सुरकुती नसलेली. खोलीत कपड्याच्या साबणाचा वास होता.