बारा गुंठे आणि पंच्याण्णव टक्के

बारामतीच्या एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर सोनम भुरभुर पाऊस चुकवत चहा पीत होती, आणि शेजारचा तरुण नेमका तिच्याच ॲपच्या नावानं बोटं मोडत होता.

"दीड एकर ऊस लावला, तर एक एकर आठ गुंठंच दाखवतंय! माझं बारा गुंठं गिळलं की ह्यानं!"

तिचा कप हिंदकळला. कन्हेरीची ही पोर ऊसनोंदणीच्या त्याच ॲपमधल्या चुका शोधायची नोकरी करत होती, आणि ॲप लोकांच्या हाती जाऊन जेमतेम चार दिवस झाले होते.

"तुम्ही नेमकं काय भरलं?"

"एक पॉइंट वीस. एक एकर वीस गुंठं. आमचं आख्खं अंथुर्णं गाव असंच लिवतंय."

सोनमनं जीभ चावली. एकराचे गुंठे चाळीस; कॉम्प्युटरनं पॉइंट वीस सरळ दशांशात वाचून आठच गुंठे धरले होते. शेतकऱ्याची लेक असून हे आपल्या ध्यानात येऊ नये? "चूक माझी आहे," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. राग कुठल्या कुठं पळाला. "मग... तुमच्याकडं असलं, तर राहू द्या बारा गुंठं."

त्याचं नाव राजवर्धन. पुढं त्याचे फोन येऊ लागले, आणि एकदा तिनं त्याला सगळं समजावलं. ॲप बाहेर जाण्याआधी तिनं पंच्याण्णव चुका पकडल्या होत्या. नव्वद दिवसांत लोकांना पाचच सापडल्या, तर एकूण शंभरातल्या पंच्याण्णव तिच्या, म्हणजे पंच्याण्णव टक्के... आणि ती टीमची प्रमुख. सहावी निघाली, तर ती खुर्ची पुण्याच्या ऑफिसातल्या माणसाला.

साठ दिवसांत पाच झाल्या. मग मात्र त्याच्या फोनवर तक्रार नसे. पाटाचं पाणी वाजायचं, उसाची पानं सळसळायची, तो काहीबाही बोलायचा... आणि सोनम डोळे मिटून ऐकत राहायची.

एक्याण्णवाव्या दिवशी तो पेरूंची पिशवी घेऊन ऑफिसात आला.

"तोडलेल्या उसाला फुटलेल्या खोडव्याची नोंद केली, की लागणीची जुनी तारीख पुसली जातीय."

"कधी कळलं?"

"सत्तराव्या दिवशी. तुमची खुर्ची जाईल, म्हनून बोललो न्हाय."

"आणि तोवर किती जणांच्या तारखा पुसल्या गेल्या?"

त्यानं पिशवी तिच्या टेबलावर ठेवली. सोनमनं चूक नोंदवली, दिवस सत्तरावाच टाकला. पंच्याण्णव टक्क्यांचे चौऱ्याण्णव झाले. तिला रडू आलं, पण तिनं आकडा बदलला नाही.

"आता बोलनार न्हाय व्हय माझ्याशी?"

"बोलणार. पण पुढचं ॲप बाहेर जायच्या आधी रोज शेजारी बसून तपासायचं."

"रोज? मग... आणखी एक गोष्ट लपवलीया. मला तुमी—"

"ती नोंदवायला नको," ती डोळे पुसत हसली. "तुझ्या तोंडातून बाहेर पडायच्या आधीच पकडली होती मी. टपरीवरच." मग तिनं पिशवीतला पेरू उचलला आणि हळूच विचारलं, "माझ्या मनातली कधी सापडली तुला?"

"...आत्ता."