पडघमची परतीची वाट

"नमस्कार. मी पडघम. आपण कोण?"

सकाळपासून हाच प्रश्न ऐकून ऐकून केतकीचं डोकं फिरलं होतं. तिने गाडीच्या टायरला एक लाथ हाणली. टायरला काही झालं नाही, तिचा अंगठा मात्र ठणकला.

पडघम म्हणजे निवळी खोऱ्यातल्या दवंडीगाडीवरचा यंत्रमानव. डोंगर खचायची चिन्हं दिसली की घाटातून गाडी हाकायची, टपावरच्या स्पीकरवर ढोल वाजवायचा आणि वाड्यावस्त्यांना सावध करायचं, हे त्याचं काम. केतकीच्या आजोबांनी, म्हणजे निवृत्त शास्त्रज्ञ असलेल्या तात्यांनी, त्याला घडवलं होतं. उसाच्या इथेनॉलवर (उसापासून बनणारं इंधन) चालणारी ती गाडीही त्यांच्याच अंगणात उभी असायची.

गेल्या महिन्यात गाडीवर नवे दणदणीत स्पीकर आणि अँप्लिफायर (आवाज वाढवणारं यंत्र) आले, आणि हे खूळ सुरू झालं. ढोलाचा ठोका पडला की गाडीचे दिवे मलूल व्हायचे आणि पडघमचे डोळे विझायचे. डोळे पुन्हा उघडले की दिवसभरातलं त्याला काही म्हणता काही आठवायचं नाही.

चार वाजता तालुक्याहून शिंगटेबाई तपासणीला येणार होत्या. पडघम नापास झाला, तर त्याचा मेंदू काढून दुसरा बसवणार होते. दुसरा मेंदू म्हणजे दुसराच कुणीतरी! कडबोळ्याची चव कशी असते, हे रोज नव्याने विचारणारा पडघम मग कुठला? नऊ वर्षांच्या केतकीला एका जागी उभं राहवेना. सकाळी तिने त्याला एक गुपित सांगितलं होतं. तो विसरला, पुन्हा सांगितलं, पुन्हा विसरला.

"तात्या, काहीतरी करा की! बॅटरी तरी बदला."

"मागच्या आठवड्यात बदलली. फरक पडला?"

"नाही."

"मग दोष बॅटरीत नाही. अगं, साप साप म्हणून भुई धोपटत फिरू नकोस, जरा विचार कर. बॅटरीतून निघालेली वीज अँप्लिफायरपर्यंत कशी जाते?"

"या लाल वायरमधून. चांगली अंगठ्याएवढी जाड आहे, नवीन."

"आणि तिथून पुढे?"

"पुढे? पुढे काय, स्पीकर वाजतो, संपलं!"

"संपलं नाही," तात्या म्हणाले. "वीज जिथून निघते तिथे तिला परत यावं लागतं. या पूर्ण फेरीला परिपथ म्हणतात. गाडीत परतीसाठी सगळीकडे वेगळी तार टाकत नाहीत. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची वाट असतो. सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडणारी तार, तिला आपले मेकॅनिक बॉडी अर्थ म्हणतात."

केतकी बॉनेटखाली वाकली. बॅटरीपासून सांगाड्यापर्यंत गेलेली काळी तार करंगळीएवढीही नव्हती. गाडी जन्मली तेव्हाचीच ती.

"मोजू या," असं म्हणून तात्यांनी मल्टिमीटर (विजेचा दाब मोजायचं यंत्र) आणला. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं सांगाड्याच्या लोखंडाला लावलं. आकडा शून्याजवळ होता. केतकीचा चेहरा पडला.

"मग वाट तर बरोबर आहे!"

"वाट रिकामी असताना बरोबर आहे. आता ढोल लाव."

धाडकन ठोका पडला आणि आकडा उडी मारून तीनच्या पुढे गेला. पडघमचे डोळे विझले.

केतकी ओरडलीच, "तात्या, जत्रेतल्या देवळासारखं झालंय! आत जायचा दरवाजा ऐसपैस आणि बाहेर पडायचा चिंचोळा. गर्दी नसली तर कळतच नाही, गर्दी झाली की सगळे अडकतात!"

"शाब्बास! या अडवणुकीला रोध म्हणतात. ढोलाच्या ठोक्याला अँप्लिफायर खूप वीज ओढतो. परतीच्या अरुंद वाटेतच विजेचा दाब खर्ची पडतो आणि त्याच वाटेवर असलेला पडघम उपाशी राहतो."

तात्यांनी बॅटरीची ऋण बाजू आधी सोडली, मग सांगाड्यावरचा बोल्ट. खालचं लोखंड निळंशार चमकत होतं. रंग! दसऱ्याला गाडी धुऊन, रंगवून, झेंडूची माळ घालताना केतकीने बोल्ट काढून त्याखालची उघडी जागाही मन लावून रंगवली होती. गंज चढू नये म्हणून. रंगातून वीज जात नाही, हे तिला आता आठवलं. तिला रडूच आलं.

"मीच केलं हे..."

"रंगाचा डबा कुणी धरला होता?" तात्या कान खाजवत म्हणाले. "तुझ्या या शास्त्रज्ञ आजोबाने! चल, काचपेपर घे. तीन वाजून गेलेत."

मग अंगणात एकच धांदल उडाली. केतकीने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं. तात्यांनी जाड तांब्याच्या तारांना थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची कडी) बसवले. बॅटरी ते सांगाडा एक तार, इंजिन ते सांगाडा दुसरी. तिसरी अल्टरनेटरपासून (इंजिनाच्या फिरण्यातून वीज बनवणारं यंत्र) बॅटरीपर्यंत, कारण खर्च वाढला की भरणाही वाढायला हवा. तिच्यात बॅटरीजवळ फ्यूजही टाकला.

गाडी सुरू केली, पडघम जागा झाला. केतकीने घाईघाईने त्याच्या कानात गुपित पुन्हा सांगितलं. तेवढ्यात फाटक वाजलं. शिंगटेबाई आल्या होत्या.

"वाजवा," त्या म्हणाल्या.

धाड! समोरचा डोंगर घुमला. केतकीने डोळे गच्च मिटले होते. दुसरा ठोका, तिसरा ठोका. तात्यांनी मल्टिमीटर तिच्यापुढे धरला, पण तिला आकडा बघायचा धीर होईना.

ढोल थांबला. आता तो प्रश्न येणार. आपण कोण?

"आता काही बोलून दाखव," शिंगटेबाई पडघमला म्हणाल्या.

साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात पडघम बोलला, "केतकीचा आज सकाळी दात पडला. ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही, असं तिने मला सांगितलं आहे."

पलीकडच्या वाडीतून हसण्याचा आवाज आला. शिंगटेबाईंनी तोंडाला पदर लावला. केतकी मात्र धावत जाऊन पडघमच्या गार पत्र्याला बिलगली, आणि दात नसलेलं तोंड भरून हसली.

"पास," शिंगटेबाई म्हणाल्या. "वरच्या खोऱ्यातल्या गाड्यांनाही नवे स्पीकर लागलेत. त्यांची परतीची वाट कुणी बघितली नसणार. पावसाच्या आत जाऊन याल का?"

तात्या उत्तर देईपर्यंत केतकी काचपेपर घेऊन गाडीत बसलीसुद्धा होती.

"चल पडघम. आणि वाटेत गुपित म्हणजे काय, ते मी तुला नीट शिकवणार आहे."