काटा खाली का आला?

"रुद्र, बॅगेवरून ऊठ! माझे बूट चेपतील!" सारिकामावशी ओरडली.

"मग बसू कुठं? पृथ्वीराजनं अर्धी सीट खाल्लीय!"

"मी? सकाळी चार भाकरी कोणी खाल्ल्या?"

हनुमंतमामाची जुनी जीप वडगाव रासाईहून निघाली होती. सारिकामावशीला दौंडला सोलापूरची रेल्वे गाठायची होती. उद्या सकाळी सोलापुरात कबड्डीच्या संघाची निवड होणार होती आणि मावशी त्यासाठी वर्षभर घाम गाळत होती. शिरूरहून सुट्टीला आलेली हर्षदा, तिचा धाकटा भाऊ रुद्र आणि शेजारचा पृथ्वीराज असे तिघं तिला पोचवायला निघाले होते. सगळी मोठी मंडळी नको म्हणत असताना मामानंच "येऊ द्या पोरांना!" म्हणून त्यांना गाडीत घेतलं होतं.

भीमेचा पूल मागे पडला. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. ऊन रणरणत होतं. पुढच्या सीटवर बसलेल्या हर्षदाचं लक्ष मामासमोरच्या घड्याळासारख्या लहानशा तबकडीकडे गेलं. इंजिनाचं पाणी किती तापलंय, ते त्यात दिसतं. त्यातला काटा मध्यावर होता, तो हळूहळू लाल पट्टीकडे सरकत होता.

"मामा, काटा वर चाललाय!"

"उन्हाळा हाय. चालायचंच!" मामा निवांत म्हणाला.

थोड्या वेळानं तो काटा एकदम घसरला आणि पार तळाशी जाऊन बसला!

"बघितलंस?" मामानं स्टिअरिंगवर थाप मारली. "वारा लागला आन् गाडी गार झाली! आपली जीप म्हंजी वाघीण!"

हर्षदाला काही पटेना. इतकी तापलेली गाडी अशी क्षणात कशी गार होईल? तिच्या पायाखालचा पत्रा तर चांगलाच चटकत होता! आणि काहीतरी करपल्यासारखा वासही येत होता. ती वळून हळूच म्हणाली, "मी घरी पनीर करते ना, तेव्हा दुधात थर्मामीटर धरते. तो दुधाबाहेर काढला की आकडा खाली येतो. दूध मात्र गरमच असतं!"

पृथ्वीराज सावरून बसला. त्याच्या घरी ट्रॅक्टर होता. "म्हणजे... काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्याबाहेर आलाय?"

"म्हणजे पाणीच संपत आलंय!"

"मामा, गाडी थांबवा!" तिघं एकदम ओरडले.

"आता? रेल्वे चुकंल! गप बसा!"

हर्षदानं रुद्रला कोपरखळी मारली. रुद्रनं लगेच तोंडावर हात धरला, गाल फुगवले आणि भेसूर आवाज काढला, "मामा... उलटी!"

"आरं आरं! सीट कालच धुतल्यात!" मामानं कचकन ब्रेक दाबला.

रुद्र खाली उडी मारून खदाखदा हसत सुटला. मामा रागानं लाल झाला. पण तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून वाफ बाहेर आली. फुस्स! मामानं घाईघाईनं इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"थांबा!" पृथ्वीराजनं त्याचं मनगटच पकडलं. "आमच्या आप्पांनी ट्रॅक्टरचं झाकण असंच गरम असताना उघडलं होतं. उकळतं पाणी उसळलं! महिनाभर हात बांधून होते."

मामानं हात मागे घेतला.

मग नुसती वाट बघणं! मावशी रस्त्याकडेला फेऱ्या मारत होती. एकदा तिनं डोळेही पुसले. पृथ्वीराजनं समोरच्या वस्तीवर जाऊन सगळं सांगितलं, तशा बयाबाई नावाच्या आजी पाण्यानं भरलेला हंडा घेऊन आल्या. "पोरगी खेळाया चाललीया व्हय? मग पाणी कमी पडू द्यायची न्हाई मी!"

इंजिन निवल्यावर मामानं फडक्यानं झाकण हळूच सैल केलं. पाणी ओतलं, तर ते खालून टपटप गळू लागलं. रुद्र जमिनीवर पालथा पडला.

"सापडलं! जाड रबरी पाइप आहे ना, त्याला आवळणारी पट्टी सैल आहे!"

मामा डोकं खाजवू लागला. "तो पाइप मीच बदललाय गेल्या आठवड्यात. तवा स्क्रू हातानंच पिळला, म्हटलं मागनं आवळू..."

"आणि विसरलात!" मावशी म्हणाली.

स्क्रूड्रायव्हर आला, पट्टी घट्ट झाली, गळती थांबली. रेडिएटर काठोकाठ भरला. जीप सुरू झाली, तेव्हा सगळेच त्या काट्यावर डोळे लावून बसले. काटा हलला... हळूहळू चढला... आणि मध्यावर थांबला. तिथून हलेचना!

"आता खरं बोलतोय!" हर्षदानं टाळ्या पिटल्या.

दौंडला पोचले, तेव्हा रेल्वे फलाटाला लागत होती. पृथ्वीराजनं बॅग घेतली, रुद्रनं पाण्याची बाटली, आणि सगळे धावत सुटले. मावशी डब्यात चढली आणि खिडकीतून तिनं तिघांचे हात घट्ट धरले.

"शाबास रे! आज तुम्ही नसता तर मी अजून उसातच उभी असते!"

"आन् माझं इंजिन भंगारात!" मामा म्हणाला. त्यानं रुद्रच्या पाठीवर थाप दिली. "पोरांनो, काटा खाली आला म्हणून मी खूश झालो. तुम्ही मात्र इचारलं, का आला? ध्यान लई हाय तुमचं!"

गाडी हलली. मावशी दिसेनाशी होईपर्यंत तिघं हात हलवत राहिले.

"चला," मामा म्हणाला, "गरमागरम भजी खाऊ. रुद्र, आता उलटी बिलटी न्हाई ना?"

"भज्यांच्या आधी कधीच नाही, मामा!"