डीपी बदलायला पायजे

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या मोटारसायकलवर मागं आमचं शेडनेट बसलं होतं. दोरीनं करकचून बांधलेलं, हिरवंगार आणि निम्मं भिजलेलं. श्रावणातलं ऊन-पाऊस चाललं होतं.

"तुमचंच ना हे? वाऱ्यानं उडालं आन् आमच्या सोलर पॅनलवर येऊन बसलं."

"मग?" चूक आपली असली की माझा आवाज आधी चढतो.

"मग काय! सावली पडली की लाईट कमी."

"आमच्या रोपांना सावलीच लागते."

"आन् आमाला ऊन." तो हसला. गालावरचं पावसाचं पाणी त्यानं पुसलंसुद्धा नाही. "आता आभाळानं करायचं काय, मॅडम?"

पिंपळवंडीत आमची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी आहे. यंदा गायरानावर सोलर प्लांट झाला आणि शिवारातल्या मोटारींना दिवसा वीज मिळायला लागली. आधी ती रात्री यायची. उसात बिबट्या, आप्पांच्या हातात बॅटरी आणि आई दारात जीव मुठीत धरून! ते संपलं, म्हणून प्लांटचं मला कौतुक होतं. प्लांटवरच्या माणसाचं अजून काहीच नव्हतं. त्याचं नाव भरत, गाव घोडेगावच्या पुढं डोंगरात. प्लांटपासून आमच्या मोटारींपर्यंतची लाईन तोच बघायचा. "परत नेट उडालं तर..." असं म्हणून त्यानं माझा नंबर घेतला.

आठवड्यानं एका संध्याकाळी त्याचा मेसेज आला. "मॅडम, तुमचा डीपी बघितला. लई जुना झालाय. बदलायला पायजे."

मी बघतच राहिले. माझा व्हॉट्सॲपचा डीपी! कॉलेजच्या निरोप समारंभातला, मोरपंखी साडीतला फोटो. जुना होता, कबूल. पण हा कोण सांगणारा? मी फोन आपटला. मग उचलला. मग केस विंचरून, जास्वंदीशेजारी उभी राहून नवा फोटो काढला. का काढला, ते मला विचारू नका.

"बदलला," मी कळवून टाकलं.

"बदलला?? कुणी?"

"मीच."

"एकटीनं?? हात लावू नका मॅडम! आलोच!"

चहाला उकळी फुटायच्या आत गाडी दारात. तो तडक आमच्या बांधावरच्या खांबाकडं पळाला. त्यानं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. वर गंजका ट्रान्सफॉर्मर होता तसाच होता. आमच्याकडं त्यालाही डीपीच म्हणतात.

आधी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, मग त्याच्या. त्याचे कान लालभडक झाले.

"मी... तुमचा फोटो बघितलाच न्हाई. आईशप्पथ!"

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. उलट वाईट वाटलं. बघितला कसा नाही?

तिथून माझा जो गोंधळ सुरू झाला, तो काही मिटेना. जुन्या डीपीला लोड झेपत नव्हता, मोटार नुसती गुरगुरायची. त्यामुळे भरत रोज यायचा. "आज डीपी बरा दिसतोय," म्हणायचा, आणि तेव्हा तो खांबाकडं बघतोय की माझ्याकडं, तेच मला कळायचं नाही.

"अक्षदे," आमच्याकडं कामाला येणाऱ्या लंकाबाईंनी ट्रे भरता भरता विचारलं, "समदी पोरं तुला ताई म्हणत्यात. ह्योच तेवढा मॅडम का म्हणतो गं?"

"शिकलेला आहे तो."

"शिकल्यावर ताई म्हणता येत न्हाई व्हय?"

मग एक दिवस तो म्हणाला, "नवा डीपी बसला की हितलं काम संपलं. कंपनी साताऱ्याकडं पाठवणार हाय."

पावसानं उघडीप दिलेली. पाण्याविना रोपं माना टाकायला लागलेली. आप्पा सकाळ-संध्याकाळ विचारायचे, डीपी कधी येणार? आणि मी मनात म्हणायची, नको येऊ दे. मला पाणी हवं होतं आणि डीपी नको होता. असं कुठं असतं का?

"आमचं शेडनेट उडतं... अधूनमधून," मी त्याला सुचवून बघितलं.

"मंग नीट बांधून घ्या की!"

मठ्ठ कुठला!

नवा डीपी आला. क्रेननं चढवला, दुपारी मोटार चालू झाली. धो धो पाणी पडलं, आणि आप्पा चपला काढून त्यात उभेच राहिले. मला इतका आनंद झाला आणि इतकं रडू आलं की मी सरळ शेडनेटमागं गेले आणि त्याच्या दोऱ्या सोडायला लागले. एक सोडली, दुसरी सोडली...

"दोऱ्या का सोडताय?" मागं भरत उभा होता.

"अशाच." माझा आवाज चढेना. "पण आज वाराच नाही."

त्यानं सुटलेल्या दोऱ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. बहुतेक आत्ता कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडत होता. मग त्यानं माझ्या हातातल्या दोरीचं दुसरं टोक धरलं.

"मॅडम... अजून एक डीपी बदलायचा राहिलाय."

"आत्ताच तर बसवला!"

"त्यो न्हाई. तुमचा. जास्वंदीचा बी बरा हाय, पण... मोरपंखी साडीवाला लई भारी व्हता."

मी दोरी गच्च धरली. "तुम्ही तर तो बघितलाच नव्हता!"

त्याचे कान पुन्हा लालभडक झाले. "रोज बघत व्हतो. तुमी बदलला, तवापासून चुकल्यासारखं व्हतंय."

"म्हणजे आईची शपथ खोटी?"

"आईला सांगितलंय मी. ती म्हणली, पोरगी दाखव आदी, मंग बघू शपथंचं." त्यानं दोरी बोटाला गुंडाळली. "साताऱ्याला तर जावंच लागंल. पण दर रविवारी येतो. आन् तुमची हरकत नसंल तर, पुढचा डीपी... दोघांचा ठेवू?"

मला हसू फुटलं. सगळा गोंधळ गेला. मला हा हवा होता, बस्स.

"लोड झेपेल का पण?" मी विचारलं.

"तुमी हो म्हणा, अक्षदा," तो म्हणाला. मॅडम नाही. "मंग बघतो, कसा झेपत न्हाई!"