शेजारच्या खोलीचा चुना

एप्रिलच्या दुपारी तीन वाजता पिंप्राळ्यात कुणाचं दार वाजवायचं, म्हणजे एकतर पोस्टमन, नाहीतर वेडा. ओल्या ओढणीनं तोंड पुसत मी दार उघडलं. बाहेर एक तरुण घामानं निथळत उभा. बगलेत वही, खिशात थर्मामीटर.

"ताप मोजायला आलोय," तो म्हणाला.

एकोणनव्वद साल ते. हिवतापवाले तेव्हा घरोघर फिरायचे, दाराशेजारी भिंतीवर तारीख लिहून जायचे. मी त्याला सरळ आईच्या खाटेपाशी नेलं. आईनंही शहाण्या मुलासारखा आ केला. तो थर्मामीटर धरून नुसता उभा... कानापर्यंत लाल.

"अहो, यांचा नाही... खोलीचा!"

मी हसले. खूप दिवसांनी हसले. वडील गेल्यापासून आमच्या घरात तशी चैन नव्हतीच.

त्याचं नाव वाल्मीक. मूळचा नरडाण्याचा, धुळ्याच्या एका संस्थेत तात्पुरता नोकरीला. भाड्याच्या खोल्या विजेशिवाय गार कशा करता येतील, ते त्याला शोधायचं होतं. "छप्पर मालकाचं आणि उकाडा भाडेकरूचा," तो म्हणाला, "म्हणून छपराकडे कुणी बघतच नाही."

हे मात्र खरं होतं. ज्ञानचंदजींच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोनच खोल्या. एक आमची, दुसरी सुंदरबाईंची. वर उघडा स्लॅब. इमारतीला मीटर एकच, म्हणून कूलरला बंदी. पंखा लावला की गरम वारा अंगावर यायचा. आईचं हृदय नाजूक झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला उन्हाळाभर गारव्यात ठेवा. पण गारवा आणायचा कुठून?

वाल्मीकची योजना साधी होती. दोन्ही खोल्या सारख्याच. एकीच्या गच्चीला पांढरा चुना मारायचा, दुसरी तशीच ठेवायची. महिनाभर रोज दोन्हींचं तापमान लिहायचं, म्हणजे फरक कळेल. कुठली खोली, ते चिठ्ठीनं ठरवायचं. नाहीतर प्रयोगाला अर्थ नाही, असं त्याच्या सरांनी निक्षून सांगितलं होतं.

आमच्या दोघींसमोर त्यानं दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि एक उचलली. सुंदरबाई मांडीवरची गोधडी शिवायची थांबून बघत होत्या. त्यानं चिठ्ठी उघडली. जरा थांबला.

"तुमची," माझ्याकडे बघून म्हणाला, आणि चिठ्ठी खिशात टाकली.

मला इतका आनंद झाला की सुंदरबाईंच्या तोंडाकडे बघायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गच्चीवर कुंचा घेऊन बसला. मी बादल्या चढवल्या. भिजवलेल्या चुन्यात त्यानं सरस ढवळला, म्हणजे रंग लवकर सुटत नाही म्हणे.

"टायपिंग शिकवता ना तुम्ही? बोटं जपा. चुना लागला तर सोलवटतील."

"मग तुमच्या बोटांचं काय?"

"माझ्या बोटांची काळजी करणारं कुणी नाहीये."

"हे मला सांगताय... की विचारताय?"

 त्यानं तोच पट्टा तीनदा रंगवला.

आठवड्यात फरक दिसला. सुंदरबाईंच्या खोलीत पारा एक्केचाळीसवर, आमच्याकडे सदतीस. आई दुपारी झोपू लागली, घरातल्या घरात चालूही लागली. रोज तीनला पायऱ्यांवर पावलं वाजायची आणि अडीचपासूनच माझं कशात लक्ष लागायचं नाही. तो आकडा लिहायचा, मी माठातलं पाणी द्यायची. पाणी पिऊन झाल्यावरही तो पेला हातातच धरून बसायचा. मला तो आवडायचा. उगाच आडून कशाला सांगू? मी प्रेमात पडले होते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सुंदरबाई घेरी येऊन पडल्या. गोधडी तशीच मांडीवर, सुई बोटात. मी त्यांना धरून आमच्या खोलीत आणलं, आईच्या खाटेवर निजवलं, कपाळावर ओली घडी ठेवली. तेवढ्यात वाल्मीक आला. त्यांना पाहून तो दारातच खिळला. वहीसुद्धा उघडली नाही.

"उत्पला," तो म्हणाला. नुसतं नाव, पहिल्यांदाच. "जरा गच्चीवर येता?"

वर ऊन रणरणत होतं. आमच्या भागावरचा पांढरा रंग डोळ्यांत खुपत होता.

"चिठ्ठी... त्यांची निघाली होती."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा पायाखालचा तो चुना पाहवेना.

"का केलंत असं?"

"तुम्ही हसला होतात. आई खाटेवर होत्या... मला दुसरं काही दिसलंच नाही."

एखादी मुलगी हे ऐकून विरघळली असती. मीही विरघळले असते, खाली सुंदरबाई नसत्या तर.

"चुना माझ्या छपराला लागला," मी म्हणाले, "पण लावलात तुम्ही सुंदरबाईंना. तुमचं प्रेम माझ्यावर, आणि त्याचा उकाडा त्यांनी सोसायचा? तीन आठवडे मी त्या गारव्यात सुखानं झोपले, वाल्मीक. मला विचारलं तरी होतंत?"

 मला रडू आलं. रागाचं होतं आणि प्रेमाचंही, वेगळं करता येईना.

"त्यांची बाजूही आजच रंगवा."

"प्रयोग मोडेल. आठच दिवस राहिलेत."

"तो पहिल्या दिवशीच मोडलाय."

"हो," तो हळूच म्हणाला. "आणि खरं लिहिलं तर नोकरी राहणार नाही."

 तो खाली गेला आणि बादली घेऊन वर आला.

उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघांनी उरलेली गच्ची पांढरी केली. ज्ञानचंदजी आवाज ऐकून वर आले, बोटानं ओला चुना चाचपला आणि विचारलं, "इथेच का थांबता? जिन्यावरच्या पत्र्यालाही मारून टाका की!" कुणी हसलं नाही तेव्हा बिचारे गोंधळून खाली गेले.

मग वाल्मीक सुंदरबाईंच्या उशाशी बसला. सगळं सांगितलं, हात जोडले.

"माले ठाऊक व्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी तू कोन्हले दाखाडी नही, खिसामा टाकी दिधी."

"मग बोलला का नाहीत, मावशी?" मी विचारलं.

"द्रौपदाना जीव नाजूक शे." त्यांनी आईकडे पाहिलं. "मन्हं काय, बठ्ठा जन्म मी असाच काढा."

आईनं त्यांचा हात धरला आणि मान फिरवली. त्या दिवसापासून सुंदरबाई आमच्यातच जेवू लागल्या.

धुळ्याला निघायच्या दिवशी वाल्मीक वही घेऊन आला. शेवटचं पान त्यानं माझ्यापुढे धरलं. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'खोली निवडताना चिठ्ठी पाळली नाही. चूक माझी.' त्याखाली 'कारण' असं लिहून जागा कोरी सोडलेली.

"इथं अडलोय," तो म्हणाला. "खोटं लिहायचं नाहीये. आणि खरं लिहायला... तुमची परवानगी हवी."

नरडाण्यात त्याची आई होती, भाऊ होते. आमचं आडनाव वाचलं की आमची जात कुणालाही कळते. त्यालाही ते माहीत होतं. मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं: उत्पला आधार इंगळे. पूर्ण नाव, आडनावासकट.

"शाई आहे," मी म्हणाले. "खोडता येणार नाही."

"खोडायचं कुणाला आहे?"

खाली सहीची जागा होती. माझ्या नावाखाली त्यानं आपलं नाव लिहिलं, आणि वही मिटण्याआधी शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.