पन्हळीतून आलेली हाक

बस ना गं शीला, लाइट येईपर्यंत सांगते. आईंना आत्ताच झोप लागलीय, म्हणून हळूच बोलते.

आमच्या घरावरचा पत्रा तू पाहिलायस. मानपाड्याला सगळ्यांच्याच गच्चीवर असा पत्रा आहे. त्याच्या कडेने पन्हळ आणि पन्हळीतून खाली उतरणारा लोखंडी पाइप. तो पाइप आईंच्या खोलीच्या भिंतीला लागून जायचा. पावसाळ्याआधी दिपेश पन्हळ साफ करतो आणि श्रावणात एकदा परत बघतो, कारण शेजारच्या जांभळाचा पाला सारखा पडत असतो. गेल्या वर्षी आमच्या नवरोबाला वेळ मिळाला नाही. पन्हळ तुंबली, पाणी आत मुरायला लागलं आणि आईंच्या खाटेमागची भिंत ओली झाली.

आईंना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेलेली. मान तेवढी हलवतात, डावा हात उचलतात. त्या ओल्या भिंतीशी त्यांना तसं पडून राहिलेलं मला बघवेना. दिपेश माल आणायला कल्याणला गेलेला. पाऊस जरा थांबला, तशी मी लाकडी शिडी घेऊन एकटीच गच्चीवर गेले.

दुपार होती, पण आभाळ इतकं उतरलेलं, की संध्याकाळच वाटत होती. शिडी चढले तसा कुजलेल्या पाल्याचा वास नाकात बसला. पन्हळ काठोकाठ भरलेली. काळं पाणी, त्यावर पानं आणि कडेने शेवाळ. पाइपाचं तोंड माझ्या अगदी जवळ होतं. तिथून गुडगुड आवाज येत होता. तुंबलेलं पाणी असंच वाजतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मग गुडगुड थांबली. आणि पाइपात कुणीतरी श्वास घेतला.

खोटं नाही सांगत. लांब, ओला श्वास... दम्याच्या माणसाचा असतो ना, तसा. मी थिजून उभी राहिले. स्वतःलाच समजावलं, की हवा असेल. बाही वर सारली आणि पाला काढायला हात पुढे केला.

"बाय गो... हात नको लावू."

बाईचा आवाज होता, म्हातारा आणि घोगरा. खालून निघालेला, पण येता येता माझ्या कानाशी पोचलेला. मला काय वाटलं असेल सांग? मला वाटलं, आई बोलल्या! पाइप त्यांच्या खिडकीशी जातो, तिथूनच आवाज वर आला. भीती राहिली बाजूला, मला रडूच आलं. कशी उतरले मला आठवत नाही.

खोलीत आई जाग्या होत्या. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

"आई, तुम्ही बोललात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूहळू मान हलवली. नाही. मग डावा हात उचलून भिंतीकडे बोट केलं.

मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. गच्चीकडे बघायचीसुद्धा हिंमत होईना. दिपेश आला, मी घडलं ते सांगितलं. तो हसला नाही, पण त्याला पटलंही नाही. मीच बघून येतो म्हणत तो जिन्याकडे निघाला. मी त्याचा शर्ट धरला आणि सोडलाच नाही. एवढी का घाबरलीस, म्हणून तो चिडला. 'हात नको लावू' म्हणजे करंट तर नसेल ना, असं मी म्हटलं, तेव्हा शेवटी माझ्या समाधानासाठी त्याने गल्लीतल्या सूरज वायरमनला बोलावलं.

सूरजने शिडीवर चढून पन्हळीला टेस्टर लावला, तो पेटला. गच्चीवरच्या दिव्याची वायर उंदरांनी कुरतडलेली आणि तिची उघडी तार पत्र्याखाली पन्हळीला टेकलेली. अख्ख्या पन्हळीत करंट उतरलेला. सूरज खाली आला, मेन स्विच बंद केला आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "वहिनी, हात लावला असतात तर..." दिपेश तर भिंतीला टेकून खालीच बसला. त्या संध्याकाळी त्याने माझा हात धरला, तो जेवायला बसेपर्यंत सोडला नाही.

नंतर त्याने लोखंडी पन्हळ आणि पाइप काढून प्लास्टिकचे बसवले, तेही घराच्या पलीकडच्या बाजूला. काढायच्या आधी मी त्या पाइपाला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला. ती कोण होती मला माहीत नाही. आई मला नेहमी 'कल्पिता' म्हणायच्या, 'बाय' कधीच नाही. पण माझी पोरं आज आई म्हणून मला हाक मारतात, ती तिच्यामुळे. रोज दिवा लावताना मी तिच्या नावाने, म्हणजे बिननावानेच, हात जोडते. ते उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

आता त्या बाजूला नुसती कोरडी भिंत आहे. तरी पाऊस लागला, की आई भिंतीकडे तोंड करतात आणि मान हलवत राहतात. हो... हो... जसं कुणी काही सांगतंय आणि त्या ऐकतायत. मला त्याचंही बरंच वाटायचं. सोबत आहे म्हणायचं त्यांना.

पण काल दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. बाहेर जोराचा पाऊस. आईंनी भिंतीकडे कान दिला, खूप वेळ. मग वळून माझ्याकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. डोळे भरून आले त्यांचे. आणि परत भिंतीकडे तोंड करून त्या जोरजोरात मान हलवायला लागल्या...

नाही. नाही. नाही.