कदंबाखालची ओल

एक्क्याण्णव सालच्या वैशाखात वसुंधरा रोज भर दुपारी एका झाडाला पाणी घालायला जायची. हसू नका. खांदा कॉलनीत राहणारी, बँकेत नोकरी करणारी, ज्योतिषाला चार हात लांबूनच नमस्कार करणारी बाई होती ती. पण नवरा कुमार तापाने बेशुद्ध होऊन इस्पितळात पडला आणि डॉक्टरही म्हणाले, "आता वाट पाहायची," तेव्हा बुडत्याला काडीचा आधार. शेजारच्या जोशीबुवांनी कुमारच्या शाळेच्या दाखल्यावरची तारीख पाहिली, रोहिणी नक्षत्र काढलं आणि सांगितलं, "त्याच्या जांभळाला एकवीस दिवस पाणी घाला. पोरगा उठेल."

प्रत्येक नक्षत्राचं एक झाड असतं. पनवेलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका ट्रस्टने मोठी थोरली वनस्पतीबाग केली होती, तिथे ही सत्तावीस झाडं गोल रिंगणात लावली होती. बारा वाजता इस्पितळातली भेटीची वेळ संपली की वसुंधरा एसटी पकडायची. फाटकातून आत गेलं की आधी निवडुंगांचं काचघर लागे, मग कमळांचं तळं, औषधी वनस्पतींचे वाफे, वेळूचं बन, आणि अगदी टोकाला नक्षत्रवन. तळ्यावर पत्र्याचा डबा भरायचा आणि तो सांभाळत शेवटपर्यंत चालायचं.

विसाव्या दिवशी ती वेळूच्या बनात शिरली आणि थबकली. पुढे कुणीतरी पाणी ओतत होतं. घागर रिकामी होताना होतो तसा आवाज... बुडबुड, मग थांबून पुन्हा बुडबुड. वारा पडलेला होता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. वैशाखाच्या त्या तापलेल्या उन्हात ओल्या मातीचा वास मात्र अगदी नाकाशी आला.

माळी असेल, म्हणून ती पुढे झाली. रिंगणात कुणीच नव्हतं. तिचं जांभूळ नेहमीसारखं मरगळलेलं, एकोणीस दिवस पाणी पिऊनही पानं करपलेली. समोरच्या बाजूला शततारकेचा कदंब होता. त्याच्या बुंध्याशी माती काळीभोर ओली होती आणि शेंड्याला कोवळी पालवी फुटली होती.

"चांगो!" तिने हाक मारली. माळी तळ्याकडून हात पुसत आला.

"कदंबाला पाणी तुम्ही घालता?"

"मी नाय, बाई." त्याचा आवाज उतरला. "तुमी येवाला लागल्यापासून त्यो रोज ओला हाय. मी दुपारचा इकडं फिरकतच नाय..."

ती आजारी नवऱ्यासाठी येते हे ठाऊक असलेल्या चांगोने कदंबाकडून तिच्या जांभळाकडे नजर फिरवली. मग विचारलं, "मालकांची जलमतारीख कंची?"

"एक जून."

भ्यालेला असूनही चांगोला हसू आलं. "आमच्या गावातली समदी पोरं एक जूनलाच जलमलीत. आई-बापाला तारीख ठावं नसली का गुरुजी तीच लिवतात."

वसुंधराच्या पायाखालची जमीनच सरकली. कुमारची आई तो पाच वर्षांचा असताना गेली. शाळेत घातलं ते मामाने. खरी तारीख घरात कुणालाच ठाऊक नव्हती आणि हे तिला लग्नापासून माहीत होतं! एकोणीस दिवस ती परक्याच कुणाच्या झाडाला पाणी घालत आली होती. तिला रडू कोसळलं. उद्या एकविसावा दिवस, आणि त्याचं खरं नक्षत्र सांगू शकणारी एकुलती एक बाई जगात नव्हती.

"बाई..." चांगोने बोट दाखवलं.

कदंबाखालच्या चिखलात बाईमाणसाची अनवाणी पावलं उमटली होती. लहानखुरी. डाव्या पावलाला सहा बोटं. कुमारच्याही डाव्या पायाला सहा बोटं होती. "आईवर गेलोय," असं तो कौतुकाने सांगायचा. पावलं झाडाकडे आलेली दिसत होती. परत गेलेलं एकही नव्हतं.

"चला, बाई... हितं थांबू नका..."

पण वसुंधरा गेली नाही. डबा उचलून ती कदंबापाशी गेली आणि सगळं पाणी त्याच्या मुळाशी ओतलं. "आई, मला कळलंच नाही हो... पण तुम्ही होतात."

खोडाच्या पलीकडे काकणं वाजली. एकदाच. तिने वाकून पाहिलं नाही.

चार वाजता ती इस्पितळात पोहोचली तेव्हा कुमारचे डोळे उघडे होते. तिला पाहून त्याने पाणी मागितलं. वसुंधरा सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

सिस्टर शशिकला तिला हळूच बाजूला घेऊन म्हणाली, "एक विचारू? रागावत नाही मी. रोज सकाळी यांचं अंग पुसताना कानामागे काजळाची तीट असते, तान्ह्या बाळाला लावतात तशी. मी पुसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच. तुम्हीच लावता ना?"

वसुंधराने नकारार्थी मान हलवली. तिच्या घरात काजळाची डबीसुद्धा नव्हती.

मान हलवताना तिचे केस बाजूला झाले. सिस्टर एक पाऊल मागे सरली.

"मग तुमच्या कानामागे... ही कुणी लावली?"

वसुंधराने तिथे बोट टेकवलं. काजळ अजून कोमट होतं.